आवाज : तपासला नाही

ती. ताईंना सविनय नमस्कार,

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी विचारायचं राहून गेलं. (उतरताना दुखत असेल तर माझाही तसाच आहे, आणि काही उपाय सापडला तर मला जरूर कळवा. चढताना दुखत असेल तर मला त्यातलं काही माहीत नाही.) साडूभाऊंचा खोकला गेला का? बागेला पाणी घालायची नळी त्यांनी स्वतः दुरुस्त केली असं तुम्ही लिहिलं होतं, आणि पुढच्याच ओळीत शेजाऱ्यांची माफी मागून आलो असंही होतं. मधली हकीगत तुम्ही गाळलीत. साडूभाऊंचा मान राखून मीही ती विचारत नाही. माझी तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर होतं. कपडे घरी धुतो, इस्त्रीला मात्र बाहेर देतो, कारण एका शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा आकार उमटल्यापासून मी त्या यंत्राच्या वाटेला गेलेलो नाही.

तुम्ही विचारलं होतं की कामावरून घरी आल्यावर मी करतो तरी काय. तुम्हाला वाटत असेल, हा नुसता खिडकीत बसून राहत असेल. सुरुवातीला बसत होतो, नाही म्हणत नाही. पण हल्ली मला खिडकीत बसायला सवड नाही. ताई, मी सध्या ग्राफिक्स कार्डांचा परीक्षक आहे, आणि माझ्या परीक्षणामुळे तुमच्या बहिणीची चारचौघांत बदनामी झाली आहे. हे दोन्ही कसं घडलं ते नीट सांगतो. फोनवरच सांगायचं, पण मी फोनवर कसा बोलतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बोलता, मी 'हो' म्हणतो, नंतर 'बरं' म्हणतो, आणि मग तुम्ही साडूभाऊंना सांगता की लाइन कट झाली वाटतं.

तिचा हा उद्योग तुम्हाला 'कम्प्युटरचं काहीतरी' एवढाच माहीत होता, म्हणून थोडं मागून सुरू करतो. फर्निचरच्या दुकानासाठी ती स्वयंपाकघरांची चित्रं काढायची, ओटा कुठे, कपाटं कुठे, ते. ती चित्रं पडद्यावर काढण्याचं काम कम्प्युटरच्या पोटातला एक भाग करतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. तो भाग तापतो, म्हणून त्याच्यावर पंखे असतात, आणि ते पंखे ओरडतात. दुकानाने तिला एक महागडं कार्ड आणून दिलं होतं, ते इतकं ओरडायचं की एकदा मी घरात कुणीतरी मिक्सर विसरलं आहे असं समजून तीन खोल्या शोधल्या. तिने त्या कार्डाबद्दल इंटरनेटवर मन मोकळं केलं. तिचं मन मोकळं करणं कसं असतं हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं आहे. ते हजारो लोकांनी वाचलं, आणि लोक विचारायला लागले की काकू, अमुक कार्ड कसं आहे, तमुक घेऊ का. मग तिने स्वतःची वेबसाइट काढली, आणि कंपन्या तपासणीसाठी आपणहून कार्डं पाठवू लागल्या.

यात एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा, कारण माझं पुढचं सगळं त्यावरच घसरलं. कार्डाची चिप एकच कंपनी करते. ती चिप घेऊन बाकीच्या कंपन्या आपापली कार्डं सजवतात. काही साधी, ती साध्या किमतीला. आणि काहींना तीन-तीन पंखे, जाडजूड धातू, कडेने रंगीत दिवे आणि वर एखादं घाबरवणारं नाव, त्यांना 'प्रीमियम कस्टम' म्हणतात. (ही नावं कोण ठेवतं कळत नाही. कुणी वादळ, कुणी विध्वंस. आमच्याकडे जे आलं त्याच्या खोक्यावर नुसता एक लाल डोळा होता. मी ते खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलं.) तुमच्या बहिणीचा राग या थाटामाटाच्या कार्डांवर जास्त. ती म्हणायची, आतला जीव तोच आहे, वरच्या पदव्यांचे पैसे घेतात. तिचे वाचक म्हणजे कम्प्युटरवर खेळ खेळणारी मंडळी, खऱ्या नावाने कुणीच लिहीत नाही. एकाचं नाव 'उष्माघात', एकाचं 'तिसरा पंखा'. ती त्यांना जे सुनवायची ते वाचायलाच निम्मे लोक येत असावेत. उष्माघाताने एकदा विचारलं होतं की या नव्या कार्डाने चित्रं आणखी स्पष्ट दिसतील का. तिने उत्तर दिलं, त्यापेक्षा चष्म्याचा नंबर तपासून घ्या, स्वस्त पडेल. त्याने खरोखर तपासला, नंबर वाढलेला निघाला, आणि तेव्हापासून तो तिचा भक्तच झाला.

आता माझा यात संबंध कुठे आला ते सांगतो. बाकीचे परीक्षक कार्डाचा आवाज मोजायला यंत्र वापरतात. तिने मला वापरलं. पद्धत अशी: कार्डाला पुरेपूर कामाला लावायचं, म्हणजे पंखे जोरात फिरतात. ती कम्प्युटरशेजारी बसायची. मी बाहेर पॅसेजमध्ये वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन. दार उघडं. मग ती घरात आपण बोलतो तशा आवाजात एखादं वाक्य बोलायची. मी त्याला धरून काही बोललो किंवा हललो तर कार्ड पास, नाही तर नापास. 'दूध उतू जातंय' असं ऐकून मी कितीदा तरी स्वयंपाकघरात धावलो आहे. गॅसवर दूध नसायचं. परत येईपर्यंत तिने 'पास' लिहिलेलं असायचं. तिच्या लेखांत या चाचणीला 'घरातलं माप' असं नाव होतं, आणि त्याखाली दर वेळी एक ओळ असे की यंत्र सांगतं आवाज किती आहे, घरातलं माप सांगतं की त्या आवाजात संसार होतो का. ते माप म्हणजे मी, हे कुणालाच माहीत नव्हतं. मला ते आवडायचं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

ती गेली, तुम्ही सगळे येऊन गेलात, घर रिकामं झालं, आणि मग एक दिवस पार्सल आलं. तिच्या नावाचं. आणणाऱ्याने सही मागितली, मी केली. (हीच माझी पहिली चूक.) तुम्हाला माझी नोकरी माहीत आहे. लोक बाटल्यांत पाणी भरून आणतात, आम्ही तपासून लिहून देतो की प्यायला योग्य की अयोग्य. आमच्या प्रयोगशाळेत एक पक्का नियम आहे: नमुन्यावर सही केली की अहवाल दिल्याशिवाय नमुना परत करायचा नाही. इतक्या वर्षांत मी तो मोडलेला नाही. खोकं उघडलं, तर आत कार्ड, आणि एक कागद. कागदावर म्हटलं होतं की हे कार्ड अजून बाजारात आलेलं नाही, परीक्षण अमुक दिवशी सकाळी प्रसिद्ध करावं, त्याआधी कुठे अवाक्षर काढू नये. गप्प राहण्याच्या अटीवर मला कुणी काम दिलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

तो दिवस जवळ आला आणि कंपनीने कळवलं की बाजारात येणं पुढे ढकललं आहे. तो नवा दिवस जवळ आला, तर आणखी पुढे. वेबसाइटवर वाचक नुसते खवळले होते. तिसरा पंखा म्हणत होता, आता म्हातारपणीच घेतो. मला मात्र दर वेळी बरं वाटायचं. ते कार्ड बाहेर पडत नव्हतं तोवर तिचं एक काम शिल्लक आहे असं म्हणता येत होतं. लोक विचारत की काकू इतक्या गप्प का, आणि दुसरंच कुणीतरी उत्तर देई की अटी असतात बाबा, बोलता येत नाही. मी ते वाचून मान हलवायचो. जगात त्या कार्डाच्या उशिराने सुखावलेला बहुधा मी एकटाच असेन.

दरम्यान मी ते तिच्या कम्प्युटरमध्ये बसवायला घेतलं. कार्ड पेटीपेक्षा लांब होतं. मी कार्ड तिरपं करून पाहिलं, पेटी आडवी करून पाहिली, आणि थोडा वेळ दोन्हीकडे नुसतं पाहिलं. शेवटी पेटीतला एक लोखंडी पिंजरा काढला तेव्हा ते गेलं, पण इतकं जड की एका बाजूने लोंबायला लागलं. त्याखाली प्रयोगशाळेतली नमुन्याची एक बाटली उभी केली, ती अगदी मापात बसली. (बाटली रिकामी आणि स्वच्छ होती. लेबल अजून आहे: 'विहीर, उत्तर बाजू'.) पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा खोली आधी लाल झाली, मग हिरवी, मग जांभळी, आणि बंद कसं करायचं ते मला सापडेना. समोरच्या इमारतीत राहणारी परिचारिका आली. तिला बहुधा वाटलं होतं की मी काहीतरी पेटवून बसलो आहे. दारात उभी राहून ती म्हणाली, "छान आहेत हो दिवे. त्यांना आवडले असते." मी म्हणालो, "तिला दिवे अजिबात आवडत नसत. काळी पट्टी चिकटवायची त्यांच्यावर." ती गेल्यावर मी काळी पट्टी शोधली. तिच्या खणात वरच होती.

मग आवाजाच्या चाचणीवर गाडी अडली. या चाचणीला बोलणारा एक आणि ऐकणारा एक लागतो, आणि आमच्याकडे आता फक्त ऐकणारा उरला आहे. मी माझाच आवाज फोनवर रेकॉर्ड करून तो फोन कम्प्युटरशेजारी ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसलो. सगळं ऐकू आलं, कारण काय येणार ते मला माहीत होतं. मग रेडिओ ठेवला. बातम्या सांगणारा माणूस इतका स्वच्छ बोलतो की तो पंख्यातच काय, भूकंपातही ऐकू येईल. शिवाय त्याने सांगितलेलं ऐकून उठून काही करायचं नसतं. म्हणून मी परीक्षणात प्रामाणिकपणे लिहिलं की आवाज तपासला नाही. बाकीचं परीक्षण मला येतं त्याच पद्धतीने लिहिलं. रंग: काळा. वास: नव्या प्लास्टिकचा, नंतर जातो. गाळ: आढळला नाही. तापमान: समाधानकारक. निष्कर्ष: नमुना वापरास योग्य.

अखेर एकदाचा बाजारात येण्याचा दिवस पक्का झाला. आता तो बारकावा आठवा. नव्या कागदावर लिहिलं होतं की साध्या किमतीच्या कार्डांची परीक्षणं आदल्या दिवशी प्रसिद्ध करावीत, आणि आमच्यासारख्या प्रीमियम कस्टमची त्याच्या दुसऱ्या दिवशी. असं का करतात मला समजत नाही. आमच्याकडे एका टाकीच्या दोन नळांचं पाणी आलं तर दोन्ही अहवाल एकाच दिवशी जातात, कारण पाणी तेच. चिप तीच, म्हणजे दिवस तोच, असं मी धरून चाललो आणि आदल्या दिवशीच आमचं परीक्षण लावून मोकळा झालो. चहा व्हायच्या आत कंपनीच्या बाईंची मेल आली. तपासणीची कार्डं पाठवण्याचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांनी लिहिलं होतं, "काकू, तुम्ही आम्हाला शिव्या दिल्यात तरी चालतं, पण वेळेच्या आधी दिल्या नव्हत्यात कधी." मी घाबरून परीक्षण काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पुन्हा लावताना एकदा नजर फिरवली, आणि 'आवाज: तपासला नाही' ही ओळ मला खटकली. आमच्याकडे जी तपासणी केली नाही तिचा रकाना छापतच नाहीत, लोकांना उगाच शंका येते. म्हणून मी ती ओळ काढली. शंका येऊ नये म्हणून काढली, ताई, हे लक्षात घ्या.

आता वाचकांच्या बाजूने बघा. परीक्षण येतं, गायब होतं, आणि दुसऱ्या दिवशी परत येतं ते आवाजाचा रकाना उडवून. उष्माघाताने लिहिलं, "इतकी वर्षं काकू फक्त आवाजावर भांडल्या, आणि आज आवाजच नाही. काकू विकल्या गेल्या." तिसऱ्या पंख्याने लिहिलं, "निष्कर्ष वाचा रे. 'वापरास योग्य'. शिवी नाही, चष्मा नाही. हे कंपनीनेच लिहून दिलंय." आणखी कुणीतरी विचारलं की गाळ म्हणजे काय, ग्राफिक्स कार्डात गाळ कुठून आला. मला काय करावं सुचेना. वेबसाइटवर लिहिलं तर ते तिच्याच नावाने उमटतं, माझ्यापाशी तेवढं एकच दार आहे. मी त्या दारातून अत्यंत नम्रपणे उत्तर दिलं: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. त्यावर उष्माघात म्हणाला, "बघा, आता वकीलही ठेवलाय." संध्याकाळपर्यंत शेकडो लोक तेच म्हणत होते.

मला राग आला. माझा राग तुम्ही पाहिलेला नाही, मीही फारसा पाहिलेला नाही. ही ती बाई, जिने कंपनीने भेट पाठवलेला चहाचा कप परत पाठवला होता, मी त्यातून एकदा चहा प्यालो होतो तरी. (तिने तो धुऊन, 'एकदा वापरलेला' अशी चिठ्ठी लावून पाठवला.) तिच्या जाण्यानंतर तिच्यामागे एवढं एकच राहिलं होतं, की काकू खोटं लिहीत नाही. ते माझ्या हातून, माझ्या सभ्यपणामुळे गेलं. मी तसं काहीतरी खरमरीत लिहायला बसलो. लिहून झाल्यावर वाचलं, तर त्यातही शेवटी 'कृपया' होतं.

तेवढ्यात कंपनीच्या बाईंचाच फोन आला. त्या म्हणाल्या, "काकू आहेत का? जरा द्या ना."

मी म्हणालो, "नाहीत."

"कधी येतील?"

"येणार नाहीत."

"म्हणजे? रागावल्यात का आमच्यावर? अहो, मी मेल जरा घाईत लिहिली होती, तसं काही मनात नव्हतं माझ्या."

मग मला सांगावं लागलं. ताई, तोपर्यंत ही गोष्ट मी स्वतः कुणालाही सांगितली नव्हती. सगळ्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितली होती, बहुतेकांना तुम्हीच. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मी गप्प बसण्यात तरबेज असल्यामुळे फोन तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "सर, त्यांनी आमची तीन कार्डं आवाजावर नापास केली होती. ओळीने. या वेळचे पंखे आमच्या लोकांनी नुसते त्यांच्यामुळे बदलले. कारखान्यातून मला रोज विचारतात, विक्री कशी आहे ते नाही, काकूंच्या मापाला ऐकू आलं का ते. कसलं यंत्र होतं हो त्यांच्याकडे?" मी म्हणालो की जुनं होतं. माप फोन धरून उभं आहे हे सांगायचा धीर झाला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चाचणी केल्याशिवाय सुटका नाही. ती पूर्ण करून, जे निघेल ते छापून, शिवाय तुमची बहीण आता नाही हेही लिहायला हवं, तरच तिचं नाव धुऊन निघेल. मी प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकारी बाईंना घरी बोलावलं. फार सज्जन बाई आहेत, माझ्या हाताखाली बरीच वर्षं आहेत, आणि तीच अडचण झाली. त्यांना म्हटलं, काहीही बोला, घरातल्यासारखं. त्यांनी खोलीतून विचारलं, "सर, ऐकू येतंय का?" मी म्हणालो, "असं विचारायचं नाही, नुसतं बोलायचं." मग त्या म्हणाल्या, "सर, उद्या क्लोरीनच्या बाटल्या यायच्या आहेत." मी म्हणालो, "कोण यायचं आहे?" त्या म्हणाल्या, "बाटल्या, सर." मी म्हणालो, "कुठल्या?" शेवटी त्या दारापर्यंत आल्या आणि पूर्ण इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की क्लोरीनच्या. वरच्या मजल्यावरच्या माणसाने खिडकी लावून घेतल्याचं मला ऐकू आलं. याला पास म्हणायचं की नापास, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आणि ती नाही, हे सांगणारं वाक्य. ते मी बरेचदा लिहून पाहिलं. पहिल्यांदा झालं, 'सदर परीक्षक यापुढे उपलब्ध नाहीत.' दुसऱ्यांदा, 'अपरिहार्य कारणामुळे.' एकदा तर 'कळविण्यास खेद होतो' इतपत मजल गेली आणि तिथे मी चहा करायला उठलो. पण असो, माझं मी बघून घेईन. तुम्ही कसलीही काळजी करू नये, हे पत्र नुसतं खुशालीचं आहे. गुडघ्याला जपा. साडूभाऊंना नळीपासून जपा.

तुमच्या बहिणीमुळे तुमचा,
धाकटा साडू (साडूभाऊंच्या हिशेबाने)

ता. क. : पत्र वाचून पाहिलं. ज्यासाठी लिहायला घेतलं तेच राहिलं. तुम्हाला चार दिवस इकडे येता येईल का? कम्प्युटरमधलं काही यायची गरज नाही. तिच्या जागेवर बसायचं आणि घरात बोलतो तसं बोलायचं, बाकी मी खुर्चीत आहेच. तुम्ही मला मान देऊन बोलत नाही, आणि या कामाला तसंच माणूस हवं. ते वाक्यही तुम्ही लिहून दिलंत तर बरं. तुम्हाला ते बऱ्याच जणांना सांगावं लागलेलं आहे, म्हणजे सराव आहे, असं मला म्हणायचं नाही, पण दुसरं कसं म्हणावं ते कळत नाही.

ता. क. दुसरा : पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. क्लोरीनच्या प्रकारानंतर सहकारी बाईंनी मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, नेलं म्हणजे रिक्षात बसवलं. डॉक्टर म्हणाले की डावा कान बऱ्याच वर्षांपासून निम्माच चालतो आहे. "घरात कुणी बोललं नाही का?" असं त्यांनी विचारलं. वेताच्या खुर्चीत बसलं की खोलीकडे डावाच कान येतो, ताई. म्हणजे तिने नापास केलेली ती सगळी कार्डं पंख्यामुळे नापास झाली की माझ्यामुळे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि एका कारखान्याने आपले पंखे माझ्या कानासाठी बदलले आहेत. मी कंपनीच्या बाईंना फोन करून सांगून टाकलं. त्या आधी हसल्या, मग थोडं रडल्या, मग म्हणाल्या, "सर, पंखे खरंच चांगले झालेत, आता कशाला कारखान्यात सांगायचं." पण काकू खोटं लिहीत नसे, म्हणून मी वेबसाइटवर सगळं लिहिलं. माझ्या नावाने. म्हणजे तिच्याच नावाने, खाली 'लिहिणारा: घरातलं माप' असं. ती गेली, रकाना मी उडवला, मला कंपनीने काही दिलेलं नाही, आणि माप निम्मं बहिरं आहे. 'ती गेली' असंच लिहिलं, दोन शब्द. तुम्हाला लिहून द्यायची आता गरज नाही. उष्माघाताने आपली 'विकल्या गेल्या'ची ओळ स्वतःच काढून टाकली. संध्याकाळी त्याने एवढंच लिहिलं: "काका, खुर्ची फिरवून बघा."

ता. क. तिसरा : खुर्ची फिरवली आहे. तरीही तुम्ही या. नापास झालेलं वाक्य ती पुन्हा सांगत नसे. मी "काय म्हणालीस?" असं विचारायचो, ती "काही नाही, नापास" म्हणायची आणि लिहायला बसायची. नापास कार्डं पुष्कळ झाली, ताई. ती तुमच्याशी सगळं बोलायची. त्यातलं एखादं वाक्य तुमच्या कानावर आलं असेल तर येताना तेवढं घेऊन या, आणि जरा मोठ्याने सांगा. मी कार्ड बंद ठेवीन.